मोठे झालो, तरी मेतकूट-भातच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या साध्या खाण्यावर लिहायला लागल्यापासून ठरावीक प्रश्न फिरून फिरून येत राहतात. विचारणारे बहुतेक तिशी ओलांडलेले, आणि सुरुवात बऱ्याचदा ‘कुणाला सांगू नका, पण…’ अशी. उत्तरं एका जागी असावीत म्हणून ती इथे मांडली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा उगाळलेली नाही. तिथे नुसता प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. लहानपणीचं साधं खाणं म्हणजे नक्की कोणतं? पुरणपोळी यात धरायची का?

पुरणपोळी नाही. माझी कसोटी अशी: जेवता जेवता पाहुणा दारात आला की घरात जे ताट आत सरकवलं जायचं, ते हे खाणं. दूध-पोळी, मेतकूट-भात, साखर-तुपाची पोळी, तेल-तिखट लावलेले कच्चे पोहे, लोणच्याचा खार कालवलेला भात, ताकातल्या कण्या, साय-साखर. वऱ्हाडात उकडपेंडी, खानदेशात कुरडईचा चीक, पश्चिम महाराष्ट्रात हुलग्याचं माडगं, मराठवाड्यात कांदा-तेल घालून कालवलेलं मेतकूट आणि भाकरी, तळकोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज. यातलं एकही लग्नाच्या पंगतीत दिसत नाही.

अपवाद साध्या वरण-भाताचा. पंगतीत पहिला वाढतात तो, आणि तापातून उठलेल्याला देतात तोही. त्याला आडकाठी कुठेच नाही.

२. माझी चाळिशी उलटली. रात्री दमून आल्यावर मला दूध-पोळी कुस्करून लागते. यात काही विचित्र आहे का?

अजिबात नाही. चव ही फार लवकर लागणारी सवय आहे, जन्माच्याही आधीपासूनची. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना ज्या आयांनी नेमाने गाजराचा रस प्यायला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजर घातलेली पेज इतर बाळांपेक्षा कमी तोंडं वाकडी करत खाल्ली. आईच्या ताटातला वास गर्भजलातून आणि दुधातून बाळापर्यंत पोचतो. म्हणजे हिंगाच्या फोडणीची तुमची ओळख दात यायच्या कितीतरी आधीची असणार.

त्यात वासाची मेंदूत जायची वाट जवळची. आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांशी तिचा थेट संबंध असतो. दूध-पोळीत आणखी एक सोय आहे: चावायला कष्ट नाहीत आणि काय खाऊ हे ठरवायलाही नाहीत. दिवसभर निर्णय घेऊन आलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता आणखी एक निर्णय नको असतो.

३. तांदूळ तोच, डाळ तीच, तरी माझं वरण-भात घरच्यासारखं लागत नाही. काय चुकतं?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

आधी तांदूळ. बासमतीचा वरण-भात होत नाही, वरण आणि बासमती असे दोन पदार्थ शेजारी बसतात. शीत वरणाला धरून राहायला हवं. त्यासाठी आंबेमोहर, नाहीतर इंद्रायणी. इंद्रायणी हा आंबेमोहराच्याच वंशातला वाण, मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झालेला. तो जास्त चिकट आणि खिशाला सोसवणारा. कुकरमध्ये आंबेमोहराला साधारण अडीचपट पाणी, तांदूळ नवा असेल तर थोडं कमी. ‘आंबेमोहर’ लिहिलेल्या पिशवीत प्रत्येक वेळी आंबेमोहरच असतो असं नाही. धुताना वास आला नाही तर शिजल्यावरही येणार नाही.

मग डाळ. तूर, अर्धा तास भिजवलेली. हळद आणि हिंग शिजतानाच घालायचे. वरून घातलेला हिंग कच्चा लागतो. कुकर उघडल्यावर डाळ गरम असतानाच घोटायची, आणि घोटायची म्हणजे रवीने किंवा डावाच्या पाठीने. मिक्सरमधून काढलेलं वरण फेसाळ आणि बुळबुळीत होतं. घोटल्यावर मीठ, सुपारीएवढा गूळ, गरम पाणी आणि एकच उकळी. फोडणी नाही. जिरं-लसूण पडलं की ते फोडणीचं वरण, चांगलंच असतं, पण तुम्ही ज्याच्या शोधात आहात ते नव्हे.

तिसरं तूप, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. घरी सायीला विरजण लावून, घुसळून काढलेल्या लोण्याचं लोणकढं तूप आणि बाजारातलं नुसत्या क्रीमचं तूप यांचे वास वेगळे. आंबटसर लोणी कढताना बेरी तांबूस झाली की जो खमंग वास सुटतो, तो दुसऱ्या तुपाला नाही. आठवडाभराची साय साठवली तरी वाटीभर तूप निघतं.

शेवटी वाढणी. भाताची मूद, मध्ये बोटाने आळं, त्यात वरण, वरणावर तूप. लिंबू कालवायच्या आधी नाही, कालवून झाल्यावर, घासापुरतं. आणि हाताने कालवायचं. चमच्याने खाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण ‘घरच्यासारखं लागत नाही’ ही तक्रार त्यांच्याकडूनच जास्त येते.

४. मेतकूट विकतचं आणावं की घरी करावं? प्रमाण मिळेल का?

विकतचं चालतं, फक्त पाकिटावरची तारीख बघून घ्या. जुन्या मेतकुटाला खवट वास येतो आणि तो तुपानेही झाकला जात नाही. घरी करणं फार खटाटोपाचं नाही. हरभरा डाळ एक वाटी, उडीद डाळ अर्धी, तांदूळ अर्धी, गहू पाव वाटी. धने दोन चमचे. जिरं, मोहरी, मेथीदाणे एकेक चमचा. सगळं मंद आचेवर, वेगवेगळं, कोरडं भाजायचं. एकत्र भाजलं तर मेथी जळते आणि हरभरा डाळ कच्ची राहते. गॅस बंद केल्यावर चमचाभर हळद, अर्धा चमचा हिंग, अर्धा चमचा सुंठ, किंचित जायफळ. गार झालं की बारीक दळून चाळायचं. काही घरांत दोन सुक्या मिरच्याही पडतात.

मेथी चमचाभरच. जास्त झाली तर मेतकूट कडू होतं आणि मग त्याला कुणी हात लावत नाही. कोरड्या बरणीत, कोरडा चमचा वापरून दोन-तीन महिने सहज टिकतं.

५. मऊ भात, गुरगुट्या भात आणि पेज यांत फरक काय? आमच्याकडे तिन्हीला एकच समजतात.

फरक मुख्यतः पाण्याचा. एक वाटी तांदळाला चार वाट्या पाणी घातलं की मऊ भात, शीत दिसतं पण दाबलं की विरघळतं. पाच-सहा वाट्यांचा गुरगुट्या, पातेल्यात गुरगुरत शिजणारा आणि वाटीत सैलसर पसरणारा. मेतकूट, तूप आणि मीठ यांचं खरं ठिकाण हे. भाताबरोबर मूठभर मूगडाळ शिजवली की आजाऱ्याचा आटवल. आठ-दहा वाट्या पाण्याची पेज, ती प्यायचीच.

मात्र तळकोकणातली आणि गोव्यातली पेज या मोजपट्टीत बसत नाही. ती उकड्या तांदळाची. शीत जाड, अखंड, आणि भोवती निवळ. ती आजाऱ्याची नाही, धडधाकट माणसाची, सकाळच्या कामानंतर दहा-अकराला खायची. सोबत मिठात मुरलेला तोर, म्हणजे छोटी कोवळी कैरी, भाजलेला सुका बांगडा, नाहीतर आदल्या दिवशीची आटवून घट्ट केलेली कालवणाची कडी. ‘पेज म्हणजे पथ्य’ असं मालवणात म्हणून बघा.

६. साखर-तुपाच्या पोळीत साखर घालावी की गूळ? पिठीसाखर चालते का?

साखर की गूळ हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पिठीसाखर मात्र नको. या पोळीची निम्मी मजा दाताखाली येणाऱ्या करकरीत साखरेत आहे, ती तुपात विरघळायच्या आत खायला हवी. म्हणून पोळी गरम, पण तव्यावरून थेट नको, अर्धं मिनिट थांबा. तूप घट्ट, रवाळ असेल तर उत्तम. गूळ घालायचा तर किसून, आणि त्याला पोळी तव्यावरचीच हवी, कारण गूळ वितळायला हवा. सुरळी करताना खालचं टोक दुमडायचं, नाहीतर तूप कोपरापर्यंत येतं.

७. फोडणीची पोळी ताज्या पोळ्यांची केली तर गिच्च गोळा झाला. असं का?

कारण ती शिळ्याचीच असते. रात्रभरात पोळीतला ओलावा कमी होतो, पिठूळपणा घट्ट बसतो, म्हणून कुस्करली की कण सुटे राहतात. ताजी पोळी कुस्करताना चिकटते. नाइलाज असेल तर ताज्या पोळ्या पंख्याखाली दोन-तीन तास उघड्या ठेवा. कण शेंगदाण्याएवढे ठेवा, मिक्सरमध्ये पीठ करू नका. कांदा पुरेसा परता, आणि पाण्याचा हबका कांद्याला द्या, पोळीला नको. शेवटी झाकण ठेवून एक वाफ.

गोड बाजूला पोळीचा लाडू आहेच: तेच कण, गूळ, तूप, हातानेच मळून.

शिळ्या भाताची फोडणी करत असाल तर एक खबरदारी. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तास-दोन तासांत गार करून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईपर्यंत गरम.

८. शिकरण म्हणजे विरुद्धान्न, असं एका वैद्यांनी सांगितलं. मग इतकी वर्षं खाल्लं त्याचं काय?

दूध आणि फळं एकत्र घेऊ नयेत असं आयुर्वेदात मानतात आणि बरेच वैद्य त्यात केळ्याचं नाव घेतात. आधुनिक आहारशास्त्राला निरोगी माणसाने केळं-दूध खाण्यात अडचण दिसत नाही. तुमची वैद्यांवर श्रद्धा असेल तर सोडा, पोट कुरकुरत नसेल आणि श्रद्धाही नसेल तर खा. दूध पचत नसेल तर ती गोष्ट निराळी, तिथे दोष केळ्याचा नाही.

करताना दोनच गोष्टी सांभाळा. केळं सालीवर काळे ठिपके पडलेलं हवं, आणि शिकरण खायच्या वेळीच करायचं. तासाभराने ते काळपट आणि पाणचट होतं, मग वेलदोडाही त्याला वाचवत नाही.

९. मधुमेह निघालाय. आता हे सगळं बंद का?

सगळं नाही, पण यादीची उलथापालथ होणार. साखर-तुपाची पोळी आणि चहा-बिस्किटं सगळ्यात आधी जातात. भाताच्या बाबतीत एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: भात जितका मऊ आणि तांदूळ जितका चिकट, तितकी रक्तातली साखर लवकर चढते. म्हणजे प्रश्न ५ मधला गुरगुट्या भात ‘हलका’ म्हणून मधुमेह्याने रोज खाणं बरोबर नाही.

वरण-भात ठेवायचा तर भात कमी, वरण दाट आणि जास्त. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भात. या क्रमाने जेवल्यावर साखर कमी चढते असं दिसून आलेलं आहे. ज्वारीच्या कण्या ताकातल्या, मूगडाळ जास्त आणि तांदूळ कमी अशी खिचडी, मेतकूट भाताऐवजी दह्यात, हे मार्ग मोकळे आहेत. इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर ताटातला बदल डॉक्टरांना सांगूनच करा. रक्तदाब असेल तर पापड, खार आणि मिठातला तोर यांच्याकडेही लक्ष ठेवा, मीठ तिथे लपलेलं असतं.

१०. चहात बुडवून खायला पार्ले-जीच का बरं लागतं? महागडी बिस्किटं तशी लागत नाहीत.

महागड्या बिस्किटांत लोणी नाहीतर चॉकलेट जास्त असतं, ती चहा पीत नाहीत. ग्लुकोज बिस्कीट कोरडं आणि सच्छिद्र, चटकन भिजतं. म्हणूनच चटकन तुटतंही. तळाशी गेलेला तुकडा चमच्याने काढून खाणारे आणि कपात सोडून देणारे, अशा दोन जाती घराघरांत आहेत.

कारखाना १९२९ सालचा, मुंबईत विलेपार्ल्यातला, नावही तिथलंच. सुरुवात गोळ्या-चॉकलेटांनी झाली, ग्लुकोजची बिस्किटं त्यानंतर दहाएक वर्षांनी आली. ‘पार्ले-जी’ हे नाव मात्र १९८०च्या दशकातलं. पार्ल्यातला मूळ कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. स्टेशनपर्यंत येणारा भाजक्या बिस्किटांचा वास ज्यांच्या लहानपणात आहे, त्यांना तो आता तिथे मिळायचा नाही. बिस्कीट मात्र सगळीकडे मिळतं.

खारी आणि टोस्ट यांच्याबद्दलही विचारणा होते. खारी बुडवायची ती अर्धी आणि क्षणभर. टोस्टला वेळ द्यावा लागतो.

११. रावळगावच्या गोळ्या अजून निघतात का? आणि बोरकूट, चिंचगोळी, पिवळ्या नळ्या?

रावळगाव हे नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये तिथे साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून गोळ्या बनू लागल्या. ‘पान पसंद’ त्यांचंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये नावं आणि पाककृती २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीने घेतल्या. तेव्हा गोळी मिळाली तर ती आता त्यांच्याकडची.

बोरकूट आणि चिंचगोळ्या शाळांच्या फाटकांपेक्षा देवळांच्या बाहेर जास्त सापडतात, जत्रेत हमखास. बोटांत घालून खायच्या पिवळ्या नळ्या किराणा दुकानात वरच्या दोरीला लटकलेल्या असतात. तळहाताएवढी माणसं दहाही बोटांत एकेक घालू शकायची, आता करंगळीत जेमतेम जाते.

१२. उन्हाळ्यात पापडाच्या लाट्या आणि कुरडईचा चीक खायची फार इच्छा होते. घरी आता कुणी वाळवणं घालत नाही. कच्चं पीठ खाणं बरं आहे का?

यात दोन वेगळे पदार्थ आहेत, म्हणून उत्तरंही दोन.

चीक कच्चा नसतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून-गाळून सत्त्व काढायचं आणि ते रात्रभर बसू द्यायचं. सकाळी वरचं पाणी हळूच ओतून टाकायचं. खाली बसलेला पांढरा चीक मोजायचा, तितकंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं आणि चीक ओतताना एकसारखं ढवळायचं. ढवळणाऱ्याचा हात थांबला की गुठळी. पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक आली की शिजला. सोऱ्यात जायच्या आधी वाटीत काढलेला, वर कच्चं तेल घातलेला किंवा दूध-साखर घातलेला तो पहिला घास ज्यांनी खाल्लाय त्यांना कुरडई ही नंतरची गोष्ट वाटते. कुरडया घालायच्या नसतील तरी अर्धा किलो गव्हाचा चीक फक्त खाण्यासाठी करता येतो. तयार सत्त्वही काही गिरण्यांवर आणि बचत गटांकडे एप्रिल-मेमध्ये मिळतं.

लाटी मात्र खरोखर कच्ची: उडदाचं पीठ, पापडखार, मिरी, हिंग, भरपूर कुटलेलं. कच्च्या पिठात जंतू असू शकतात आणि उडीद पोटात गुबारा धरतो. धडधाकट माणसाला तेलात बुडवलेल्या एक-दोन लाट्यांनी सहसा काही होत नाही. गरोदर बायका, लहान मुलं आणि नाजूक प्रकृतीची मंडळी यांनी टाळावी. मिळवायची कशी? पापड करणाऱ्या बायकांना ‘लाट्याच द्या, पापड नको’ असं सांगा. त्या आधी हसतील, मग देतील. त्यांच्याही डब्यात चार असतात.

१३. सासूबाई म्हणतात, ‘अगं, लहान बाळ आहेस का? माणसांसारखं जेव की.’ काय सांगू?

काही सांगू नका. एक वाटी त्यांच्याही पुढे ठेवा. यजमान हसत असतील तरी हाच उपाय. बहुतेक घरांत हसणाऱ्याचंही एक खाणं असतं, फक्त ते तो इतर कुणी नसताना खातो. साय-साखर खाताना पकडल्या गेलेल्या आजोबांच्या गोष्टी मला खूप जणांनी कळवल्या आहेत.

पाहुण्यांना वाढावं का, हा याचाच पुढचा प्रश्न. जवळच्यांना जरूर. नवख्यांना नको, त्यांना वाटतं आपल्यासाठी काही केलंच नाही. आणि हॉटेलांत मातीच्या कुंडीत मेतकूट-भात आणून त्यावर तुळशीचं पान ठेवतात, तो प्रकार मला पटत नाही. भात गार होतो.

१४. परदेशात राहतो. आंबेमोहर नाही, लोणकढं तूप नाही. काही जमेल का?

जमेल. भारतीय दुकानात आंबेमोहर किंवा इंद्रायणी नसेल तर बांगलादेशी दुकानात चिनिगुडा किंवा कालिजिरा तांदूळ बघा. बारीक, बुटका, वासाचा. तेही नसेल तर सुशीचा तांदूळ. वास नाही, पण शीत वरणाला धरतं. तुपासाठी बिनमिठाचं ‘कल्चर्ड’ लिहिलेलं बटर आणून मंद आचेवर कढवा. ते विरजलेल्या क्रीमचं असतं, म्हणून प्रश्न ३ मधल्या लोणकढ्याच्या बरंच जवळ जातं.

मेतकूट भारतातून नेत असाल तर विमानतळावरच्या अर्जात खाण्याचे पदार्थ आहेत असं लिहाच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत. लिहिलं तर फार तर पुडी काढून घेतील, लपवलं तर दंड होतो. त्यापेक्षा प्रश्न ४ मधलं साहित्य तिथेच घेऊन मिक्सरवर दळणं सोपं.

१५. माझं लहानपणीचं खाणं मॅगी आहे. ते यात धरणार की नाही?

धरावंच लागेल. मॅगी भारतात १९८३ मध्ये आली. तेव्हा शाळेत असलेली मुलं आता पन्नाशीच्या आसपास आहेत. फक्त तिला साधं म्हणायचं तर ती साधीच करा. भाज्या, चीज, अंडं घातलेली मॅगी चांगली लागत असेल, पण ती नंतरच्या वयातली. ती वारंवार खाऊ नये हे सांगायची गरज नाही, मीठ आणि मैदा दोन्ही त्यात आहेत.

याच धर्तीवर आणखी वीस वर्षांनी कुणी तरी फ्रोझन पराठ्यांबद्दल हळवं होऊन विचारेल. विचारू दे.

१६. लहानपणी जीव टाकायचो असा पदार्थ इतक्या वर्षांनी खाल्ला आणि आवडलाच नाही. पदार्थ बदलला की मी?

बहुधा दोघंही. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं हे सर्वत्र आढळणारं आहे, म्हणून गोळ्या, सरबतं, गुलाबी बर्फाचा गोळा हे मोठेपणी मिट्ट लागतात. भूकही बदललेली असते. मैदानावरून आलेल्या पोराची भूक दुपारभर खुर्चीत बसलेल्याला कुठून येणार? भूक लागलेली असताना एकदा खाऊन बघा. तरी नाही आवडलं तर सोडून द्या, नवस बोललेला नाही.

१७. तुम्ही तूप-साखर, साय-लोणी लिहिता. आमच्या घरी तूप सणालाच दिसायचं. आम्ही खाल्लं ते नाइलाजाने. त्याचं कौतुक कशाला करायचं?

करायलाच हवं असं कुणी म्हटलेलं नाही. वरण-भात-तूप हे सगळ्या महाराष्ट्राचं लहानपण नव्हे, काही घरांचं आहे. बाकीच्या घरांत ते सुकट-भाकरी होतं, मिरची-मीठ-भाकरी होतं, पाण्यात कालवलेलं पीठ होतं, आणि जातीवर, जमिनीवर, पावसावर ठरत होतं. ज्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिला त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी येतात: परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचं गोडसर कोरडं खाणं. मिलोची भाकरी आजही नको म्हणणारे आहेत. सुकडीच्या आठवणीने मात्र त्याच माणसांच्या तोंडाला पाणी सुटतं. एकाच वर्षाच्या भुकेतली एक चव नकोशी आणि एक हवीशी.

तेव्हा न आवडणाऱ्यांनी न आवडण्याचा हक्क राखून ठेवावा. ‘नाचणी किती पौष्टिक’ म्हणून ती दुप्पट भावाने विकणाऱ्यांपुढे, ज्याने ती दुसरं काही नव्हतं म्हणून खाल्ली त्याने मान डोलवायची गरज नाही. आणि मुलांनी हौसेने हुलग्याचं माडगं करायला सांगितलं तर आजीने ‘मला नको’ म्हणणंही रास्तच आहे.

१८. मला आवडतं म्हणून माझ्या बाळाला केव्हापासून देऊ?

सहा महिने पूर्ण झाल्यावर. तोवर फक्त आईचं दूध. त्यानंतर मऊ वरण-भात तूप घालून चालतो, पण वर्षाच्या आत मीठ-साखर-गूळ नको, मध तर मुळीच नको. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकू शकतात, कूट चालेल. वाढीबद्दल शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा.

१९. एकटा राहतो, स्वयंपाक येत नाही, गॅसही नाही. यातलं काय करू शकतो?

कच्चे पोहे. पातळ पोहे दोन मुठी, चाळून. बारीक चिरलेला कांदा, मीठ आणि तिखट हाताने कुस्करा, कांद्याला पाणी सुटू द्या. त्यात दोन चमचे कच्चं शेंगदाणा तेल, भाजलेले शेंगदाणे, असेल तर चमचाभर मेतकूट, मग पोहे. लोणच्याचा खार असेल तर तिखट नको. ओलं खोबरं आणि नारळाचं पाणी मिळालं तर झाकण ठेवून पंधरा मिनिटं दडपा, म्हणजे कोकणातले दडपे पोहे होतील. गोव्यात नरकचतुर्दशीला दुधातले, ताकातले, गुळातले असे पोह्यांचे पाच-सहा प्रकार एका सकाळी करतात. त्यातले ताकातले बिनगॅसचे जमतात. पोहे जाड असतील तर आधी धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवा.